पोच द्यायची कुणी?

बँकेच्या काउंटरवर 'आज लिंक नाही, उद्या या' हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. कुरिअरवाल्याचा 'घर बंद होतं' हा शेराही तसाच सर्वांच्या ओळखीचा. आपण दिवसभर घरात असतो, दाराची बेल वाजलेली नसते, आणि पाकीट मात्र 'घर बंद' म्हणून परत गेलेलं असतं. लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या प्रवासात, संध्याकाळच्या कट्ट्यावर हा विषय निघाला की प्रत्येकाकडे सांगायला स्वतःची एक कहाणी असते. सगळे हसतात, थोडे चिडतात आणि 'चालायचंच' म्हणून उठतात.

मी इतिहासाचा विद्यार्थी. त्यामुळे हे 'चालायचंच' मला स्वस्थ बसू देत नाही. ही तक्रार किती जुनी आहे आणि तिचं मूळ कशात आहे, याचा शोध घेताना एक साधा मराठी शब्द मला पुन्हा पुन्हा भेटत राहिला. तो शब्द म्हणजे 'पोच'. तुमचं पत्र मिळालं, तुमचे पैसे मिळाले, तुमचा अर्ज माझ्या हाती आला, अशी समोरच्यानं दिलेली लेखी कबुली. टपालाचा आणि बँकांचा दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास या कबुलीभोवती फिरतो, असं मला वाटतं. जिथे पोच देणं भाग पडलं तिथे सामान्य माणसाचा विश्वास बसला. जिथे ती टाळता आली तिथे तो रांगेत ताटकळत राहिला.

सुरुवात हुंडीपासून करू. सरकारी टपाल आणि बँका येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे सराफांच्या पेढ्यांवरून हुंडीनं पैसे जात. एका गावच्या पेढीवर रक्कम भरायची आणि दुसऱ्या गावच्या पेढीवर ती मिळायची. दाखवल्याबरोबर पैसे मिळत ती दर्शनी हुंडी आणि ठरलेल्या दिवसांनी मिळत ती मुदती. पण वाटेत हुंडीच गहाळ झाली तर? त्याचीही सोय होती. सराफ दुसरी प्रत देई, तिला 'पेठ' म्हणत. पेठही हरवली तर तिसरी प्रत, तिचं नाव 'परपेठ'. पैसे चुकते झालेल्या हुंडीला 'खोका' म्हणत आणि ती जपून ठेवली जाई, कारण भरणा झाल्याचा पुरावा तोच. कागद हरवणार हे गृहीत धरून त्यावरचा उपाय आधीच ठरवलेला होता. सराफ काही दानधर्म करायला बसलेला नव्हता. बाजारात पत गेली की पेढी बसली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मराठीत 'पत' हा एकच शब्द उधारीलाही चालतो आणि अब्रूलाही, तो उगाच नाही.

मात्र ही सोय व्यापाऱ्यांची. गावाकडे दोन रुपये पाठवणाऱ्या मजुराला कुणी हुंडी देत नसे. त्यानं ओळखीच्या माणसाच्या हाती पैसे द्यायचे आणि देवावर भरवसा ठेवायचा.

कंपनी सरकारचं टपाल सर्वांसाठी खुलं झालं ते वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, १७७४ मध्ये कोलकात्याला. १८३७ च्या कायद्यानं पत्रं वाहून नेण्याची मक्तेदारी सरकारकडे गेली. तेव्हा दर अंतरावर ठरत. कोलकात्याहून मुंबईला पत्र पाठवायचं तर तोळ्याला एक रुपया पडे, आणि रुपया ही त्या काळी लहान रक्कम नव्हती. १८५४ मध्ये डलहौसीच्या कारकिर्दीत देशभर एकच दर झाला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की हजार मैलांवर. १८७९ मध्ये एका पैशाचं पोस्टकार्ड आलं. पत्र ही साहेबाची आणि सावकाराची चीज राहिली नाही.

पण माझ्या मते खरी क्रांती १ जानेवारी १८८० ला झाली. त्याआधी मनीऑर्डरचं काम सरकारी खजिन्यांतून चाले. त्या दिवशी ते टपाल खात्याकडे आलं. मुंबईत कापडाच्या गिरण्या वाढत होत्या, कोकणातून आणि घाटावरून माणसं येऊन चाळींतल्या खोल्यांत दाटीवाटीनं राहत होती. पगार झाला की पोस्टात रांग लागे. मनीऑर्डरच्या फॉर्मची रचनाच पाहा. पैसे भरल्याबरोबर पावती हातात. खाली निरोप लिहायला छोटी जागा, 'पाऊस कसा आहे', 'म्हशीचं काय झालं' एवढं विचारायला पुरेल इतकी. आणि एक भाग असा, की गावात पोस्टमननं पैसे दिल्यावर त्यावर घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि तो कागद पाठवणाऱ्याकडे परत जायचा. परळच्या चाळीत कामगाराच्या हातात आईच्या अंगठ्याचा ठसा पडला की पैसे पोचले. त्या ठशात रकमेची खात्री तर होतीच, शिवाय आई हयात असल्याचीही खात्री होती.

पुढे शंभरहून अधिक वर्षं कोकणातली घरं या मनीऑर्डरवर चालली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्याची झळ गिरणगावाइतकीच दूरच्या खेड्यांना लागली, कारण पोस्टमन येई पण मनीऑर्डर येत नसे. मनीऑर्डरला उशीर होई, पोस्टमनला चहापाण्याचे पैसे द्यावे लागत, वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन अनेकांना जड वाटे. हे सगळं खरं आहे. तरीही लोकांनी तिच्यावर विश्वास टाकला, याचं कारण तो परत येणारा कागद. पैसे मिळाले नाहीत तर कुणाला विचारायचं आणि काय दाखवून विचारायचं, हे अडाणी माणसालाही कळत होतं.

आता याची दुसरी बाजू. १८९८ साली भारतीय टपाल कायदा झाला. त्याचं सहावं कलम आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलं असेल, पण त्याचा अनुभव बहुतेकांनी घेतला आहे. टपालातली वस्तू हरवली, भलत्याच्या हाती पडली, उशिरा पोचली किंवा खराब झाली, तर सरकारवर जबाबदारी नाही. सरकारनं स्वतःहून स्पष्ट शब्दांत जेवढी पत्करली असेल तेवढीच. कर्मचाऱ्यावरही नाही, त्यानं लबाडीनं किंवा जाणूनबुजून केलं असेल तरच. म्हणजे एका हातानं अर्ध्या आण्यात देशभर पत्र नेण्याचं वचन आणि दुसऱ्या हातानं 'पोचलं नाही तर आम्हाला विचारू नका' ही तळटीप. विमा उतरवलेल्या वस्तूची भरपाई मिळे. साधं पत्र मात्र रामभरोसे. नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं मुलाखतीनंतर हाती आलेले कितीतरी तरुण या देशात होऊन गेले. त्यांना दाद मागायला जागा नव्हती. ग्राहक मंच आल्यावरही टपाल खातं तिथे याच कलमाचा आधार घेत आलं.

पोच अर्धवट असली तर काय होतं, याचाही नमुना टपाल खात्यात होता. 'अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग' म्हणजे यूपीसी ही सोय अनेकांना आठवत असेल. थोड्या पैशांत एका कागदावर पोस्टाचा शिक्का मिळे, की अमुक पत्त्यावर पत्र टाकलं. टाकलं एवढंच, पोचलं असं नाही. त्यामुळे सभासदांना न मिळालेल्या नोटिसा कागदोपत्री 'पाठवलेल्या' ठरत, आणि मागच्या तारखेचे शिक्के मिळवल्याच्या तक्रारीही होत. २०११ मध्ये ही सेवा बंद झाली. देणाऱ्याच्या सोयीची पोच घेणाऱ्याच्या गळ्याला फास ठरते, एवढं तिनं शिकवलं.

टपाल खात्याला दोष देताना त्याच्या अडचणीही पाहायला हव्यात. एकाच नावाची अनेक गावं, पत्ते नाना भाषांत आणि लिप्यांत, अक्षर असं की लिहिणाऱ्यालाच वाचता येऊ नये. यावर तोडगा काढला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं. रत्नागिरी जिल्ह्यातले, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतातले नाटककार-कवी. त्यांनी आखलेला सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, शेवटचे तीन पोचवणाऱ्या पोस्टाचे. महाराष्ट्र आणि गोव्याचे पत्ते चारनं सुरू होतात ते त्यामुळेच. आज कुरिअर, बँक, ऑनलाइन दुकान, सगळे आधी पिन कोड विचारतात. खात्यातल्या एका माणसानं चूक ग्राहकाच्या अक्षरावर न ढकलता आपली पद्धत बदलली, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं.

आता बँकांकडे वळतो. आपल्याकडे बँकेविषयीची पहिली भीती सेवेची नव्हती, पैसे बुडण्याची होती. १८४० साली सुरू झालेली बँक ऑफ बॉम्बे १८६५ च्या शेअरच्या वेडानंतर कोलमडली आणि १८६८ मध्ये नव्यानं उभी करावी लागली. १९१३ मध्ये मुंबईची इंडियन स्पेसी बँक बुडाली. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक गेली, तेव्हा कुठे सरकार हललं आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा आला, ठेवीदारामागे १५०० रुपयांपर्यंत. ती मर्यादा १९९३ मध्ये एक लाख झाली आणि पुढची सत्तावीस वर्षं तिथेच थांबली. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येतील असं सांगण्यात आलं. त्यानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, मर्यादा पाच लाख झाली. ठेवीदार रस्त्यावर आल्याशिवाय आपल्याकडे नियम बदलत नाहीत, असं १९६० नंतर २०२० मध्येही म्हणावं लागलं.

१९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. तेव्हा देशात बँकांच्या शाखा होत्या ८,२६२. १९९० पर्यंत त्या साठ हजारांच्या जवळ गेल्या. शेतकरी, शिक्षक, भाजीवाली, सगळे बँकेच्या पायऱ्या चढले, ही गोष्ट लहान नाही. पण पायऱ्या चढून आत गेल्यावर काय दिसे? जाळीच्या आड कारकून, हातात पितळी टोकन, लेजर शोधायला गेलेला शिपाई, 'सही जुळत नाही' हा शेरा आणि भिंतीवरच्या घड्याळात जवळ येणारी जेवणाची सुट्टी. बाहेरगावचा चेक वटायला महिना लागे आणि त्या महिन्याचं व्याज कुठे जाई हे कुणी विचारत नसे.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. स्टेट बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष आर. के. तलवार यांच्या अध्यक्षतेखाली १९७५ मध्ये ग्राहकसेवेवर समिती नेमली गेली. १९९० मध्ये गोईपोरिया समिती, नंतर तारापोर समिती, २०१० मध्ये दामोदरन समिती. गोईपोरिया समितीच्या शिफारशी वाचताना मला हसावं की रडावं कळेना. कामकाजाची वेळ सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं कर्मचाऱ्यांनी जागेवर यावं. कामाच्या वेळेत एकही काउंटर रिकामा नसावा. बँक बंद होण्याआधी आत आलेल्या प्रत्येकाचं काम करावं. बाहेरगावच्या छोट्या रकमेचे चेक लगेच जमा करावेत. कुठल्याही किराणा दुकानदाराला हे सांगावं लागत नाही. बँकांसाठी ते समितीच्या अहवालात लिहावं लागलं.

या सगळ्यातून निघालेल्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत दोन बारीक गोष्टी आहेत, आणि माझं लक्ष त्यांवर खिळतं. एक, शाखेत तक्रारवही असावी आणि तिची पानं छिद्रांवर फाडता येतील अशी असावीत, म्हणजे तक्रारदाराला एक प्रत तिथल्या तिथे मिळेल. दुसरी, डिमांड ड्राफ्ट हरवला तर पंधरा दिवसांत दुसरी प्रत द्यावी, नाहीतर उशिराचं व्याज द्यावं. म्हणजे काय झालं? आमच्या जुन्या सराफाची 'पेठ' परत आली, फक्त मध्ये एक शतक गेलं.

माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. ती निवृत्त प्राथमिक शिक्षिका, एका तालुक्याच्या गावी राहायची. दर नोव्हेंबरला रिक्षा करून बँकेत जायची आणि हयातीचा दाखला द्यायची. २०१२-१३ च्या सुमारास एका वर्षी जानेवारीत पेन्शनच जमा झालं नाही. मी तिच्याबरोबर बँकेत गेलो. बँकेचं नाव सांगत नाही, ते कुठलंही असू शकतं. काउंटरवरचा तरुण म्हणाला, 'आजी, तुमचा दाखला सिस्टीममध्ये दिसत नाहीये. पोच आहे का?' आत्या म्हणाली, 'पोच तुम्ही द्यायची असते, बाळ.' तो गप्प झाला. समोर उभी असलेली बाई जिवंत आहे हे दिसत असूनही दोन महिने तिच्या औषधांचे पैसे अडले. त्यानंतर ती दरवर्षी दाखल्याच्या दोन प्रती न्यायची आणि एकीवर शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायची नाही. मराठीत पोच या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. ज्याला प्रसंगाचं भान नाही, त्याला आपण 'पोच नसलेला' म्हणतो. त्या दिवशी मला दोन्ही अर्थ एकदमच समजले.

आत्या एकटी नव्हती. देशभरातून अशाच तक्रारी गेल्या आणि २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेला स्पष्ट सांगावं लागलं, की हयातीच्या दाखल्याची सही केलेली पोच देणं बँकांना बंधनकारक आहे. 'माझा दाखला हरवला' म्हणणाऱ्या कुणा कुणा निवृत्त शिक्षकांनी, पोस्टमनांनी, हवालदारांनी लिहिलेल्या कागदांचा तो परिणाम. आपण तक्रार करून काही होत नाही असं म्हणतो, तेव्हा अशा नियमांमागची ही माणसं आपल्याला दिसत नाहीत.

ग्राहक चळवळीची महाराष्ट्रातली परंपरा मोठी आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, १९९५ मध्ये बँकिंग लोकपाल आला. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर त्याच्याकडे फुकट दाद मागता येते. पण तिथेही पहिला प्रश्न तोच. बँकेकडे आधी लेखी तक्रार केली होती का, आणि तिची पोच कुठे आहे?

खाजगी कुरिअर आले तेव्हा वाटलं होतं, सरकारी खात्याच्या कलम सहापासून सुटका झाली. पण कुरिअरच्या पावतीमागे बारीक अक्षरांत जे छापलेलं असतं, तेही त्याच जातीचं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका कापड निर्यातदाराचं प्रकरण गेलं. कुरिअरनं पाठवलेली कागदपत्रं वेळेवर पोचली नाहीत आणि लाखांचं नुकसान झालं. न्यायालयानं सांगितलं, सही केलेल्या पावतीवर भरपाईची मर्यादा शंभर डॉलर लिहिली आहे, तेवढीच मिळेल. तेव्हा पोच घेताना तिची पाठही वाचायला हवी.

आज चित्र पुष्कळ बदललं आहे. मनीऑर्डरचा तो जुना कागदी फॉर्म गेला, २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टाची वेगळी सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. मोबाइलवरून पैसे पाठवले की क्षणात संदेश येतो. परळचा तो कामगार आज असता तर त्याला पंधरा दिवस ठशाची वाट पाहावी लागली नसती. ही सुधारणा मी मनापासून मानतो. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम केला, की खात्यातून परस्पर पैसे गेले, त्यात ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसली आणि ग्राहकानं कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भुर्दंड नाही. चूक ग्राहकाची हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आला. आणि तक्रार येताच तिचा क्रमांक लगेच देणं बँकेवर बंधनकारक झालं.

मात्र टपालाच्या बाजूला १८९८ चा कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा आला, जून २०२४ मध्ये लागू झाला, आणि त्याच्या दहाव्या कलमात जुन्या सहाव्याचा आत्मा तसाच राहिला. सेवेत काही उणं झालं तर नियमांत पत्करली असेल तेवढीच जबाबदारी. सव्वाशे वर्षांत घोडागाडी गेली, विमान आलं. ती तळटीप काही हलली नाही.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. काउंटरवरच्या माणसावर ओरडून काही होत नाही. बहुतेक वेळा तोही तीन जणांचं काम एकटा करत असतो आणि लिंक गेली ती त्याच्यामुळे नाही. पण कागद दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागा. फोनवर तक्रार केलीत तर क्रमांक लिहून घ्या, बोलणाऱ्याचं नाव आणि तारीखही. उत्तर आलं नाही तर तीस दिवस मोजा आणि वरच्या पायरीवर जा. घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांच्यासाठी हे तुम्ही करा, कारण पेन्शन अडलं की सर्वांत आधी औषधांची पिशवी रिकामी होते. शिक्का मागताना थोडं अवघडल्यासारखं होईल, मागच्या रांगेतून कुणी तरी 'चला की लवकर' म्हणेल. म्हणू द्या. त्यालाही पुढच्या खेपेला तो शिक्का लागणार आहे.